सॉफ्ट स्टार्टर बसवला, मोटर गुरगुरते पण पाणी चढत नाही (७५ एचपी, उपसा योजना)

काठावरचा
नमस्कार मंडळी. हा धागा शेतीत टाकायचा की तंत्रज्ञानात हे कळेना. चुकला असेल तर हलवा, पण उत्तर आधी द्या, ऊस वाळायलाय.

शिरोळ तालुका, पंचगंगेचा काठ, आमची सहकारी पाणीपुरवठा संस्था. जॅकवेलवर (नदीचं पाणी घेणारी विहीर) दोन पंप, दोन्हींना ७५ एचपीच्या मोटरी. एका वेळी एकच चालतो, दुसरा शिल्लक. तिथून वरच्या चेंबरपर्यंत १८०० मीटर पीव्हीसी लाईन, १२ इंची, ६ किलो दाबाची. चढ ३६ मीटर. आजवर स्टार-डेल्टा होता (मोटर आधी स्टार जोडणीत कमी जोरावर उठवून मग डेल्टा जोडणीत पूर्ण जोरावर टाकणारा स्टार्टर). त्या चेंज-ओव्हरला असा दणका बसायचा की शेजारच्या वस्तीवरचे बल्ब डोळा मारायचे. वर दर हंगामात एक-दोनदा लाईन फुटायची ती वेगळीच.

यंदा वार्षिक सभेत रीतसर भांडणं होऊन सॉफ्ट स्टार्टर घ्यायचं ठरलं. १०५ अँपिअरचा घेतला, मोटरच्या नेमप्लेटवर ९७ आहे. वायरमननं लावलेलं सेटिंग असं: सुरुवातीचं व्होल्टेज ३० टक्के, रॅम्प (व्होल्टेज चढवायचा वेळ) २० सेकंद, करंट लिमिट २५० टक्के, सॉफ्ट स्टॉप शून्य, म्हणजे थांबताना एकदम.

आता होतंय काय, बटण दाबलं की मोटर मांजरासारखी गुरगुरत उठते, बऱ्यापैकी वेग घेते आणि तिथंच अडकते. गेज साडेतीन किलोच्या आसपास घुटमळतो. चेंबरवर उभा केलेला पोरगा फोनवर सांगतो, "थेंब नाही अण्णा." अर्ध्या मिनिटात स्टार्टची वेळ संपली म्हणून एरर येतो आणि ट्रिप. पुरवठादार म्हणतो मोटर बघा, रिवाइंडिंगवाला म्हणतो स्टार्टर बघा. मी दोघांच्या मधी.

फुकटचा सल्ला
करंट लिमिट ४०० करा, उठेल मोटर. आमच्याकडे असंच केलं होतं.

स्लिप_रिंग
थांबा, काही वाढवू नका. तीन आकडे द्या आधी. एक, मोटर बंद असताना आणि स्टार्ट चालू असताना पॅनेलवर व्होल्टेज किती. दोन, रॅम्प संपल्यावर टाँग टेस्टरवर करंट किती, तिन्ही फेजचा. तीन, डिलिव्हरीचा स्लुइस व्हॉल्व उघडा ठेवून चालू करता की बंद ठेवून?

तोवर एक गोष्ट डोक्यात ठेवा. सॉफ्ट स्टार्टरमध्ये प्रत्येक फेजला दोन एससीआर (करंट सोडणारे-अडवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. ते सायकलचा थोडा थोडा भाग कापून मोटरला कमी व्होल्टेज देतात. फ्रीक्वेन्सी ५० ची ५० च राहते, म्हणून हा व्हीएफडी (फ्रीक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) नाही. आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गात पडतो. ३० टक्के व्होल्टेज म्हणजे टॉर्क ९ टक्के, ३० नाही. ७० टक्क्यांना ४९. पंप हा तसा गरीब लोड, सुरुवातीला काही मागत नाही, त्यामुळे ३० वर हलतो तरी. पट्टा किंवा क्रशर असता तर जागचा हलला नसता.

काठावरचा
घ्या आकडे. बंद असताना ४०५. स्टार्टला ३७२ पर्यंत येतं. करंट चढत चढत १८५ ला जातो आणि तिथंच राहतो, तिन्ही फेज १८२ ते १८७. व्हॉल्व पाव उघडा असतो.

स्लिप_रिंग
मिळालं बहुतेक.

तुमचं लिमिट २५० टक्के, म्हणजे ९७ च्या अडीचपट, २४२ अँपिअर. करंट १८५ च्या वर जातच नाही. म्हणजे स्टार्टर अडवत नाहीये. २० सेकंदांनंतर तो मोटरला अख्खं व्होल्टेज देऊन मोकळा झालाय. लिमिट ४०० करा नाहीतर ४०००, फरक शून्य.

मग अशी ७५ एचपीची मोटर पूर्ण व्होल्टेजला, अजून वेग घेतला नसताना, किती मागते? सहा-साडेसहापट. ९७ च्या साडेसहापट म्हणजे ६३०. तुमचं व्होल्टेज पडलेलं आहे, तरी साडेपाचशेच्या पुढं हवा. येतोय १८५. बरोब्बर एक तृतीयांश.

एक तृतीयांश कुठे येतो ते काका सांगतील.

जुना वायरमन
स्टारमध्ये.

भाऊ, मोटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडा आणि फोटो टाका. मेन स्विच पाडून, नुसतं स्टॉप बटण दाबून नाही. सॉफ्ट स्टार्टर बंद असला तरी एससीआरमधून गळणारं व्होल्टेज मोटरच्या टोकांवर असतं. टेस्टर लावलात तर पेटेल. त्याला हात लावून "बंद आहे की" म्हणणारे मी पाहिलेत. स्टार-डेल्टात कॉन्टॅक्टर (चुंबकावर चालणारा स्विच) सुटला की सुटला, इथं तसं नाही. एमसीसीबी (मेन ब्रेकर) पाडा, कुलूप लावा, मग पान्हा घ्या.

काठावरचा
फोटो टाकलाय. सहा बोल्ट आहेत. वरच्या ओळीला तीन केबल, खालच्या तिन्ही बोल्टांवर एकच पितळी पट्टी आडवी.

जुना वायरमन
झालं. एका ओळीला आडवी पट्टी म्हणजे स्टार. तीन पट्ट्या उभ्या, वरच्या बोल्टावरून खालच्या बोल्टावर, म्हणजे डेल्टा. तुमच्या वायरमननं सहापैकी तीन केबल काढल्या आणि उरलेली टोकं एकत्र बांधून टाकली. जुन्या पॅनेलमध्ये ते काम स्टारचा कॉन्टॅक्टर करायचा आणि पाच-सात सेकंदांनी सोडायचा. इथं सोडणारं कोणी उरलं नाही. मोटर जन्मभर स्टारमध्येच.

आडवी पट्टी काढा. यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२, डब्ल्यू१-व्ही२ अशा उभ्या जोडा. बऱ्याच मोटरींत खालची ओळ मुद्दाम त्याच क्रमानं दिलेली असते, पण अक्षरं वाचून जोडा, सवयीनं नको. रिवाइंडिंग होऊन आलेली मोटर असेल तर अक्षरांवरही विश्वास नको, वाइंडिंगची टोकं मीटरनं शोधा.

स्लिप_रिंग
काकांना +१.

आणि गेज साडेतीनवर का अडकत होता तेही यातच आलं. चढ ३६ मीटरचा, म्हणजे ३.६ किलो. पंप पुऱ्या वेगाला पोचत नव्हता आणि प्रेशर वेगाच्या वर्गात पडतं. त्यामुळे एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व) उघडण्याच्या उंबरठ्यावर लोंबकळत होता. पोरगं खरं बोलत होतं.

डाळिंबी
मध्येच घुसते, माफ करा. सांगोल्याकडे आहे आमचं. बोअरला २० एचपीची सबमर्सिबल. तिलाही सॉफ्ट स्टार्टर लावायचा विचार चाललाय. वरती २० सेकंद रॅम्प वाचला, तेवढाच ठेवायचा का?

जुना वायरमन
नाही ताई, मुळीच नाही. सबमर्सिबल मोटर आतल्या थ्रस्ट बेअरिंगवर उभी असते आणि त्या बेअरिंगला वंगण पाण्याचं. वेग आला की मगच तिथं पाण्याचा पापुद्रा धरतो. हळूहळू चालू केली तर तेवढा वेळ पॅड कोरडे घासतात. रॅम्प तीन सेकंदांच्या आत, सुरुवातीचं व्होल्टेज ५५ टक्क्यांच्या आसपास. थांबवतानाही तसंच, तीनच्या आत. मोटरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक विहिरीवरच भिजून जातं.

डाळिंबी
बरं झालं विचारलं. आभार काका.

काठावरचा
मंडळी, चढलं पाणी!! पट्ट्या उभ्या केल्या, बटण दाबलं. या वेळी करंट २४२ वर जाऊन बसला, म्हणजे लिमिटवर, आणि १८ सेकंदांनी एकदम खाली येऊन ९१ ला थांबला. आत टक् करून बायपास लागला. गेज ४.४. चेंबरवरून फोन, "अण्णा, आलं." पॅनेलचा आवाज नाही, बल्ब नाही मिचकावले. हे आधी का नाही घेतलं असं सभेत भांडणारेच विचारायलेत.

आता १८ सेकंद जास्त नाहीत का? आणि बिल किती कमी होईल? सचिवांनी विचारलंय.

फुकटचा सल्ला
बिल २० टक्के कमी होतं. सॉफ्ट स्टार्टरवाल्यांच्या माहितीपत्रकात असतं.

स्लिप_रिंग
नाही होत, आणि सचिवांना आजच सांगून टाका, नाहीतर पुढच्या सभेत तुमच्यावर शेकेल. बायपास लागला की एससीआर बाजूला आणि मोटर थेट लाईनवर, पूर्वी होती तशीच. पंप तेच पाणी तेवढ्याच उंचीला चढवतोय, युनिटं तेवढीच. मॅक्झिमम डिमांडही काही मिनिटांच्या सरासरीवर मोजतात, दहा-पंधरा सेकंदांच्या उसळीनं ती फारशी हलत नाही. वाचतात ते कॉन्टॅक्टर, कपलिंगचे रबर आणि फ्यूज. ते काही थोडकं नाही, पण बिलाच्या रकान्यात दिसत नाही.

लिमिट ३०० करून बघा. वाढवाल तसा स्टार्ट लवकर होईल, पण व्होल्टेजही जास्त खाली जाईल, कारण तुमची डीपी (ट्रान्सफॉर्मर) अशक्त आहे. ४०५ वरून १८५ अँपिअरला ३३ व्होल्ट पडतात, हिशोब करा. शेजारच्यांच्या मोटरी त्याच डीपीवर असतील तर त्यांच्याही ट्रिप व्हायला नकोत. पंपाला दहा-बारा सेकंदांत चढला की बास. सुरुवातीचं व्होल्टेज ४० करा आणि रॅम्प १०. ३० वर तो पहिले काही सेकंद नुसता गरम होतो. आणि व्हॉल्व पाव उघडा ठेवता ते चांगलंय. सेंट्रिफ्युगल पंप बंद व्हॉल्ववर कमी ताकद मागतो, चढला की सावकाश उघडायचा.

खडीवाला
आमच्याकडे पट्ट्याला किक-स्टार्ट लावतो. पाव-अर्धा सेकंद ७०-८० टक्क्यांचा झटका, मग रॅम्प. खडीनं भरलेला पट्टा नाहीतर हलत नाही. पंपाला किक लावू नका, लाईनीत झटका जातो. आणि जबड्याच्या क्रशरला सॉफ्ट स्टार्टर लावायच्या भानगडीत कोणी पडू नये, तिथं स्लिप-रिंग मोटरच हवी (इथल्या आयडीवाल्यांची माफी मागून).

स्लिप_रिंग
:) मान्य.

काठावरचा, एक राहिलं. जुन्या पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टरचा कॅपॅसिटर असणारच. तो आता कुठे जोडलाय?

काठावरचा
आहे की, २० केव्हीएआरचा. जिथं होता तिथंच. मोटरला जाणाऱ्या केबलवर, स्टार्टरच्या खालच्या बाजूला.

स्लिप_रिंग
काढा. आत्ता. पंप चालू असेल तर थांबवा, परत चालू करू नका.

जुना वायरमन
अरे देवा. किती वेळा चालू केलात?

काठावरचा
सगळे मिळून पंधरा-वीस वेळा. का? काय झालं?

स्लिप_रिंग
एससीआर प्रत्येक अर्ध्या सायकलला नव्यानं पेटतो. सेकंदाला १०० वेळा, प्रत्येक फेजला. मोटर ही कॉइल, तिच्यात करंट सावकाश चढतो, एससीआरला ते झेपतं. कॅपॅसिटर मात्र रिकामी घागर असल्यासारखा करंट एकदम ओढतो. तोही सेकंदाला १०० वेळा. एससीआरच्या आतल्या चकतीवर एकाच ठिकाणी सगळा भार येतो आणि ती तिथं जळून आरपार होते. म्हणून सॉफ्ट स्टार्टर आणि मोटर यांच्या मधल्या केबलवर कॅपॅसिटर कधीच नाही. स्टार्टरच्या वर, लाईनच्या बाजूला, वेगळ्या कॉन्टॅक्टरवर घ्या. त्या कॉन्टॅक्टरला सिग्नल स्टार्टरच्याच "पूर्ण वेग आला" या रिलेवरून. म्हणजे बायपास लागल्यावर कॅपॅसिटर आत, स्टॉप दाबताच तो आधी बाहेर.

खडीवाला
दोन एससीआर घालवलेत मी याच्यात. पट्ट्याच्या मोटरला. कंपनीनं वॉरंटी नाकारली, भांडलो, मग त्यांच्या माणसानं पुस्तकातलं चित्र दाखवलं. कॅपॅसिटरवर ही भली मोठी फुली. गप्प बसलो.

साधे एचआरसी फ्यूज असल्या वेळी एससीआरला वाचवत नाहीत हेही तेव्हाच कळलं. फ्यूज वितळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एससीआरचं तेरावं होतं. त्याला सेमीकंडक्टर फ्यूज वेगळे येतात, महाग असतात, पण एससीआरपेक्षा स्वस्त.

काठावरचा
काढला. हात थरथरत होते. एससीआर गेलाय का जिवंत आहे हे कसं बघायचं?

जुना वायरमन
सप्लाय पूर्ण काढून, मोटरच्या केबल सोडवून, वरच्या आणि खालच्या टोकात ओहम बघा, एकेका फेजला. शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट आहे. बाकी दोन फेजशी ताडून बघा, तिन्ही सारखे असले पाहिजेत. आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारायचा झाला तर फक्त मोटरवर, केबल सुटी करून. स्टार्टर मध्ये ठेवून ५०० व्होल्टचा मेगर मारलात तर आतलं कार्ड गेलं म्हणून समजा.

काठावरचा
तिन्ही सारखे आहेत. खंडोबा पावला.

वाळवंटातला
दुबईत चिलरच्या देखभालीत आहे, आमच्या स्क्रू कॉम्प्रेसरना सगळीकडे सॉफ्ट स्टार्टर. इथं पहिला शत्रू उष्णता. बहुतेकांचं रेटिंग ४० अंशांचं असतं, त्यापुढं क्षमता कापून धरावी लागते. शिरोळात उन्हाळ्यात पत्र्याच्या पंप-हाऊसमध्ये बंद पॅनेलच्या आत ४० सहज ओलांडत असेल. १०५ चा स्टार्टर ९७ च्या मोटरला काठावरच आहे (आयडीला शोभेसा). बायपास आहे म्हणून चालतंय. बायपास नसता तर एससीआरमध्ये अँपिअरमागे ढोबळ ३ वॅट उष्णता, म्हणजे पॅनेलमध्ये जवळजवळ ३०० वॅटची शेगडी सतत पेटलेली. पंखा आणि जाळी लावा. आणि तासाला किती स्टार्ट चालतात ते पुस्तकात बघून भिंतीवर लिहून ठेवा.

जुना वायरमन
जाळी बारीक लावा. आमच्या भागात निम्मी पॅनेलं पालीनं मारलेली आहेत. ती बरोबर दोन फेजच्या मधोमध जाऊन बसते.

अनवट
धागा वाचत होते, सगळे स्टार्टबद्दल बोलतायत. मी पाणीपुरवठ्याच्या रायझिंग मेनची (पंपापासून वर चढणाऱ्या मुख्य लाईनीची) डिझाइनं करते, माझी नजर पहिल्या पोस्टमधल्या दोन गोष्टींवर अडकली. "सॉफ्ट स्टॉप शून्य" आणि "दर हंगामात लाईन फुटायची". काठावरचा, लाईन फुटायची ती चालू करताना की बंद करताना?

काठावरचा
बंद केल्यावर. किंवा लाईट गेल्यावर. चालू करताना एकदाही नाही. बंद केलं की एनआरव्ही धाडकन आपटतो, गेजचा काटा आठपर्यंत उडतो आणि मग कुठंतरी, बहुतेक चढाच्या सुरुवातीला, सांधा जातो.

अनवट
आठ? मग हिशोब जुळतो. तुमच्या लाईनीत, चालू असताना, ढोबळ सव्वाशे टन पाणी आहे. उसानं भरलेले दोन-दोन ट्रॉलींचे सहा ट्रॅक्टर एकमेकांना जोडून चढावर चाललेत असं समजा. वेग सेकंदाला सव्वा मीटर. पुढचा ट्रॅक्टर खटकन बंद पडला तर?

पंप झटक्यात थांबला की आधी पंपापाशी प्रेशर पडतं, कारण पाणी पुढं धावतच असतं. मग ते थांबतं, मागं वळतं आणि मिटलेल्या एनआरव्हीवर येऊन आदळतं. किती जोरात, ते दोन गोष्टींवर ठरतं: पाण्याचा वेग आणि दाबाची लाट पाइपातून किती वेगानं पळते. पीव्हीसी लवचिक, त्यात लाट सेकंदाला साधारण ३५० मीटर पळते (लोखंडात हजाराच्या आसपास, म्हणून तिथं दणका तिप्पट). १.२५ गुणिले ३५० भागिले ९.८१, म्हणजे ४५ मीटर. तुमचे मुळातले ३६, त्यात ४५ घाला. ८१ मीटर. आठ किलो. तुमचा काटा खोटं बोलत नाही. पाइप सहाचा.

आता महत्त्वाचं. लाट वर जाऊन परत यायला ३६०० भागिले ३५०, म्हणजे १० सेकंद लागतात. या १० सेकंदांच्या आत पाणी थांबवलंत तर पूर्ण दणका बसणार, मग ते एका सेकंदात थांबवा नाहीतर आठ सेकंदांत. त्यामुळे कोणी "स्टॉप ५ सेकंद ठेवा" म्हणालं तर ऐकू नका. १५ ते २० पासून सुरुवात करा.

तुम्ही सॉफ्ट स्टार्टर घेतलात दिव्यांच्या मिचकावण्यासाठी, पण तुमच्या लाईनीला त्याचा खरा उपयोग थांबवताना आहे, आणि तेच सेटिंग शून्यावर.

फुकटचा सल्ला
मग व्हीएफडीच घ्यायला हवा होता. वेग हवा तसा कमी करता येतो, शिवाय वीज वाचते.

अनवट
थांबवण्यासाठी व्हीएफडी उत्तम, वादच नाही. विजेचं मात्र इथं फारसं जमणार नाही. गेजवरचे ४४ मीटर, त्यातले ३६ नुसता चढ. घर्षणात जातात आठच. वेग कमी केला तर त्या आठातले काही वाचतील, ३६ तर चढावेच लागणार. थोडा जास्त कमी केलात तर पाणीच चढणार नाही, जसं पट्टी आडवी असताना झालं.

स्लिप_रिंग
सॉफ्ट स्टॉपमध्येही एक गोम आहे. साधा स्टार्टर व्होल्टेज सरळ रेषेत उतरवतो. मोटर बराच वेळ ते मनावर घेत नाही, त्याच वेगानं फिरत राहते, करंट उलट वाढतो. मग एका क्षणी टॉर्क अपुरा पडतो आणि ती एकदम बसते. सगळी उतरण शेवटच्या दोन-तीन सेकंदांत. मेनूत "पंप स्टॉप" किंवा टॉर्क कंट्रोल असा पर्याय आहे का बघा, असेल तर तो घ्या. नसेल तर स्टॉपच्या सुरुवातीलाच व्होल्टेज एकदम ७०-८० टक्क्यांवर आणायचं सेटिंग असतं. त्यानं आधीचा वाया जाणारा वेळ वाचतो आणि रॅम्पचा उपयोग होतो. आकडा गेजकडे बघत आणि एनआरव्हीचा आवाज ऐकत ठरवा. स्टॉपही एससीआर तापवतो, तासाच्या स्टार्टमध्ये तोही धरा.

काठावरचा
पंप स्टॉप आहे मेनूत. पण लाईट गेली तर? आमच्याकडे बंद आम्ही करतो कमी, लाईट करते जास्त.

अनवट
तिथं सॉफ्ट स्टार्टर काहीच करू शकत नाही. वीजच नाही तर रॅम्प कशाचा. ते काम लाईनीवरच करावं लागतं. एनआरव्ही स्प्रिंगचा असेल तर पाणी उलटं वळायच्या आधीच मिटतो, जुना झापेचा असेल तर पाणी मागं आल्यावर आपटतो, तुमचा धाडकन आवाज तोच. दुसरं, एअर व्हॉल्व. वर म्हटलं तसं आधी दाब पडतो: तुमच्याकडे ३६ वजा ४५, म्हणजे शून्याच्याही खाली. उंचवट्यावर पाइपात पोकळी होते, पाण्याचा धागा तुटतो आणि दोन तुकडे परत एकमेकांवर आदळतात. एअर व्हॉल्वनं त्या क्षणी हवा आत घेतली तर हे टळतं. तुमच्या लाईनीवर किती आहेत आणि चालू किती?

काठावरचा
तीन आहेत. एक गंजून बसलाय. एक चालू आहे. तिसरा एका सभासदाच्या रानात आहे, त्यातनं पाणी गळून त्याच्या उसात चिखल होतो म्हणून त्यानं खालचा चाकच फिरवून बंद केलाय. चार वर्षं झाली. नाव सांगत नाही, तो हे वाचतो.

जुना वायरमन
:) :) पाइप फुटतो तो त्याच्याच रानात का?

काठावरचा
शेजारच्याच्या.

स्लिप_रिंग
अजून एक. पॅनेलला ऑटो आहे का? लाईट आली की आपोआप चालू?

काठावरचा
आहे, वायरमननं लावून दिलाय. रात्रीच्या पाळीला कोण जाणार नदीवर.

स्लिप_रिंग
मग निदान तीन मिनिटांचा उशीर लावा. लाईट जाऊन अर्ध्या मिनिटात आली तर लाईनीत पाणी अजून मागं-पुढं झोके घेत असतं. त्यात पंप चालू झाला की झोक्यात झोका. शिवाय उपसाबंदी उठल्यावर त्या डीपीवरचे सगळे ऑटो एकाच क्षणी लागतात आणि डीपीचा फ्यूज जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. आपला उशीर शेजाऱ्यांपेक्षा वेगळा ठेवा. फेज उलटसुलट झाल्याची आणि अंडरलोडची ट्रिपही चालू करा. नदी उतरली आणि फूट व्हॉल्व उघडा पडला की करंट ९१ वरून साठ-पासष्टच्याही खाली जाईल, साठ-पासष्टला ट्रिप ठेवलीत तर पंप कोरडा फिरणार नाही.

काठावरचा
दहा दिवसांनी लिहितोय, मध्ये लावणीची धांदल.

सध्याचं सेटिंग: सुरुवात ४० टक्के, रॅम्प १०, लिमिट ३००. स्टार्टला ११ सेकंद लागतात, व्होल्टेज ३५३ पर्यंत येतं, शेजारी कोणी बोललं नाही. पंप स्टॉप १८ सेकंद. आधी १२ ठेवला होता तर काटा साडेसहाला जायचा, १८ ला पाच-सव्वापाच. एनआरव्ही आता आपटत नाही, बसतो. पंप-हाऊसमध्ये उभं राहून बंद केलं तर बंद झाला का नाही ते गेजकडे बघून कळतं.

कॅपॅसिटर लाईनच्या बाजूला, वेगळ्या कॉन्टॅक्टरवर. पॅनेल २०१९ च्या पुराच्या खुणेवर दोन फूट उचललेलंच होतं, त्याला पंखा आणि बारीक जाळी लावली. गंजलेला एअर व्हॉल्व बदलला. तिसऱ्यासाठी अध्यक्ष स्वतः जाऊन चहा पिऊन आले. गळतीचं पाणी त्याच्याच पाटात सोडायला दोन पाइप टाकून द्यायचे या बोलीवर चाक उघडलं. परवा रात्री पंप चालू असताना लाईट गेली. वॉचमन म्हणतो काटा सहापर्यंत गेला, एअर व्हॉल्व शिट्टी मारल्यासारखा वाजला, लाईन शाबूत. स्प्रिंगच्या एनआरव्हीचा विषय पुढच्या सभेत.

शनिवारी दुसऱ्या पंपाचं जोडायचंय. त्या मोटरीच्या केबल वायरमननं तेव्हाच "तयार करून ठेवल्यात" असं म्हणाला होता. आज एमसीसीबी पाडून झाकण उघडलं.

आडवी पट्टी.